एजंट कोणाचा माणूस? कॅमडेनमध्ये घर घेताना आणि विकताना



मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की दोन विषय हमखास निघतात, मुलांच्या शाळा आणि घरांच्या किमती. किमतींचा विषय निघाला की पाठोपाठ प्रश्न येतोच, "एखादा चांगला इस्टेट एजंट माहीत आहे का हो?" विचारणाऱ्यांत घर विकणारे असतात तसे पहिले घर घेणारेही असतात, आणि दोघांनाही आपण एकच उत्तर देतो, "अमक्याकडे जा, माणूस चांगला आहे."

आमच्या मते घोळ होतो तो इथेच. या देशात एजंट नेमतो तो घर विकणारा. घेणारा एजंट निवडत नाही. तो घर निवडतो आणि त्या घराबरोबर एजंट येतो. त्यामुळे "चांगला एजंट कोणता" या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी "आपण कोणत्या बाजूला बसलो आहोत" हे ठरवावे लागते. या लेखात आम्ही दोन्ही बाजूंचा विचार करणार आहोत.

विषय आत्ता घेण्याचे कारणही आहे. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी ब्रिटिश सरकारने घरखरेदीची पद्धत बदलण्याचे प्रस्ताव लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केले. घर बाजारात येतानाच त्याची महत्त्वाची माहिती दिली जावी, ठरलेला सौदा ऐनवेळी मोडणे अवघड व्हावे, आणि एजंटांना पात्रता व आचारसंहिता सक्तीची व्हावी, असा त्यांचा रोख आहे. रोख चांगला आहे, पण प्रस्ताव म्हणजे कायदा नव्हे. तोवर आपल्याला आहे त्या नियमांत आपला पैसा सांभाळायचा आहे.

महाराष्ट्राने घेतलेले घर

कॅमडेनमध्ये घर घेतलेले सर्वांत नामांकित मराठी गिऱ्हाईक म्हणजे खुद्द महाराष्ट्र शासन. प्रिमरोझ हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, राहत होते. हे घर विक्रीला निघाल्यावर इथल्या आंबेडकरी संघटनांनी पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन ते विकत घेतले. १४ नोव्हेंबर २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिथल्या स्मारकाचे उद्घाटन झाले. आपल्यापैकी अनेकजण भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन तिथे गेले असतील.

यानंतरची गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक नसते. कागदोपत्री ते राहते घर होते. राहत्या घराचे संग्रहालय करणे म्हणजे जागेचा वापर बदलणे, आणि त्यासाठी काउन्सिलची प्लॅनिंग परवानगी लागते. स्मारक सुरू झाल्यानंतर ही परवानगी मागण्यात आली. शेजारच्या काही रहिवाशांनी वर्दळ आणि गोंगाटाबद्दल तक्रारी केल्या होत्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये कॅमडेन काउन्सिलने परवानगी नाकारली. राहती जागा कमी होते, हे त्याचे मुख्य कारण. शासनाने अपील केले, २०१९ मध्ये चौकशी झाली, आणि शेवटी मार्च २०२० मध्ये मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी अटींसह परवानगी दिली. उद्घाटनापासून परवानगीपर्यंत चार वर्षे आणि चार महिने गेले.

यात कुणा एजंटाचा दोष होता असे आम्ही म्हणत नाही. उलट मुद्दा असा आहे की एजंटाकडून या प्रश्नाच्या उत्तराची अपेक्षाच ठेवता येत नाही. त्याचे काम विकणाऱ्याला गिऱ्हाईक आणून देण्याचे. ते घर घेऊन आपण पुढे काय करणार आहोत आणि ते करता येईल की नाही, हे पाहण्याचे काम घेणाऱ्याचे, त्याच्या सॉलिसिटरचे आणि काउन्सिलच्या प्लॅनिंग खात्याचे. राज्य शासनाला वकील लावून चार वर्षे भांडता आले. पंचवीस वर्षांच्या मॉर्गेजवर घर घेणाऱ्या कुटुंबाला ते परवडत नाही.

आपले बेत अर्थातच लहान असतात. कुणाला लॉफ्टमध्ये आईवडिलांसाठी खोली काढायची असते, कुणाला घरी तबल्याचा किंवा भरतनाट्यमचा वर्ग घ्यायचा असतो, कुणी डबे करून देण्याचा व्यवसाय करत असते. कॅमडेनमध्ये सुमारे चाळीस कॉन्झर्व्हेशन एरिया आहेत. तिथे बाहेरून बदल करायला जास्त कडक नियम असतात. अंगणातले मोठे झाड तोडायचे किंवा छाटायचे तरी काउन्सिलला सहा आठवडे आधी कळवावे लागते. फ्लॅट असेल तर लीजमध्ये "इथे व्यवसाय करू नये" अशी अट असू शकते. "शेजारच्यांनी लॉफ्ट केला आहे, तुम्हालाही करता येईल" असे एजंट घर दाखवताना सहज म्हणून जातो. या वाक्यावर पैसे लावू नका. काउन्सिलच्या संकेतस्थळावर प्रत्येक पत्त्याचा प्लॅनिंगचा इतिहास मोफत पाहता येतो. कुणाला परवानगी मिळाली, कुणाला नाकारली आणि का, हे अर्ध्या तासात कळते.

दलाली कोण देतो

आपल्या मनात एजंटाचे जे चित्र असते ते मुंबई-पुण्याचे. तिथे दलाल बऱ्याचदा दोन्ही बाजूंकडून दलाली घेतो, त्यामुळे तो निदान दोघांशी गोड बोलतो आणि मधला मार्ग काढतो. इंग्लंडमध्ये साधारणपणे फक्त विकणारा दलाली देतो. घेणाऱ्याकडून पैसे घेऊन घर शोधून देणारे बाइंग एजंट असतात, पण ते बहुतेक फार महागड्या घरांच्या बाजारात. तेव्हा लग्न जुळवताना वरपक्षाने पाठवलेल्या मध्यस्थाशी वधूपक्ष जसा बोलतो, तसे घेणाऱ्याने एजंटाशी बोलावे. आदराने बोलावे, पण आपली शेवटची बोली त्याला सांगू नये. "आम्ही अजून वीस हजारांपर्यंत जाऊ शकतो" हे वाक्य त्याच्या कानावर पडले की ते विकणाऱ्यापर्यंत पोहोचणारच. तेच त्याचे काम आहे.

म्हणून घेणाऱ्याशी वाटेल ते खोटे बोलायची त्याला मोकळीक आहे असे मात्र नाही. खोटी माहिती देणे किंवा निर्णयावर परिणाम होईल अशी माहिती दडवणे बेकायदा आहे. याविषयीचे २००८ चे नियम आता २०२४ च्या नव्या ग्राहक कायद्यात आले असून ते ६ एप्रिल २०२५ पासून लागू आहेत. शिवाय १९९१ पासून असा नियम आहे की आलेली प्रत्येक ऑफर एजंटाने विकणाऱ्याला ताबडतोब आणि लेखी कळवली पाहिजे. नको त्या ऑफर कळवू नका असे विकणाऱ्यानेच लिहून दिले असेल तर गोष्ट वेगळी. आणि "आधी आमच्या मॉर्गेज सल्लागाराला भेटा, नाहीतर तुमची ऑफर पुढे जाणार नाही" असे दडपण आणणेही त्याच नियमांत बसत नाही. आपली मंडळी इथे फार लवकर दबतात. नव्या देशात "असेच असते" असे वाटते. असे नसते. "मला हे ईमेलने लिहून द्या" एवढे वाक्य सौम्यपणे म्हणावे. बहुतेक वेळा दडपण तिथेच संपते.

ना परीक्षा, ना परवाना

वाचकांना कदाचित नवल वाटेल, पण एजंटाच्या पात्रतेच्या बाबतीत महाराष्ट्र इंग्लंडच्या पुढे आहे. १ मे २०१७ पासून महारेरा सुरू झाले आणि नोंदणीकृत प्रकल्पातली घरे विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची झाली. २०२३ पासून महारेराने त्यांच्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही बंधनकारक केली. इंग्लंडमध्ये मात्र आज दुकान उघडून उद्या कुणीही घरे विकू शकतो. १९७९ च्या इस्टेट एजंट्स कायद्यात किमान पात्रतेचे एक कलम होते, ते कधी अमलातच आले नाही. २०१९ मध्ये लॉर्ड बेस्ट यांच्या समितीने परवाना आणि पात्रता सक्तीची करावी अशी शिफारस केली, तीही पडून राहिली. आता २०२५ च्या प्रस्तावांत तोच मुद्दा पुन्हा आला आहे.

माहिती आधीच देण्याची कल्पनाही नवी नाही. २००७ मध्ये होम इन्फर्मेशन पॅक आले होते. घर विकायला काढणाऱ्याने कागदपत्रांचा एक संच तयार ठेवायचा, अशी ती योजना होती. मे २०१० मध्ये नव्या सरकारने ती स्थगित केली. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून होम रिपोर्ट आहे आणि तिथे तो टिकून आहे. हा इतिहास पाहता, नवे नियम येतील तेव्हा येतील असे समजून चालणेच शहाणपणाचे.

मग आज संरक्षण काय आहे? घरविक्री करणाऱ्या प्रत्येक एजंटाला तक्रार निवारण योजनेचे सभासद असणे ऑक्टोबर २००८ पासून सक्तीचे आहे. अशा दोन योजना आहेत, प्रॉपर्टी ऑम्बुड्समन आणि प्रॉपर्टी रिड्रेस. एजंटाकडे आधी लेखी तक्रार करायची; आठ आठवड्यांत समाधान झाले नाही तर तिकडे जायचे. ग्राहकाला खर्च नाही, आणि घेणाराही तक्रार करू शकतो. काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्याखाली एजंटाची एच.एम.आर.सी.कडे नोंदणीही लागते. बंदी घातलेल्या एजंटांची यादी ट्रेडिंग स्टँडर्ड्सच्या वतीने जाहीर केली जाते. या तीन गोष्टी तपासायला दहा मिनिटे लागतात. याशिवाय प्रॉपर्टीमार्कसारख्या संस्थेचे सभासदत्व असेल तर त्या एजंटाने निदान स्वतःहून काही नियम मान्य केले आहेत, एवढे समजते.

विकणाऱ्यांसाठी

घर विकायचे असेल तर एजंट खरोखर आपला माणूस असतो, आणि म्हणूनच निवड काळजीपूर्वक करायची. निदान तिघांना घरी बोलवा. जो सर्वांत जास्त किंमत सांगतो त्याला काम देण्याचा मोह होतो. काही एजंट काम मिळावे म्हणूनच फुगवून किंमत सांगतात आणि दोन महिन्यांनी "बाजार थंड आहे, थोडे खाली या" असे सुरू करतात. म्हणून प्रत्येकाला विचारा, "ही किंमत कशावरून?" आपल्या रस्त्यावर प्रत्यक्ष किती किमतीला घरे विकली गेली हे लँड रजिस्ट्रीच्या नोंदींत मोफत पाहता येते. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत फरक असतो. आपल्याला दुसरी हवी.

आता थोडा हिशेब. सहा लाख पौंडांचे घर, दलाली दीड टक्का. म्हणजे ९,००० पौंड आणि त्यावर २० टक्के व्हॅट १,८००, एकूण १०,८०० पौंड. किंमत वीस हजारांनी खाली आणली तर एजंटाचे नुकसान फक्त ३०० पौंड, आपले जवळजवळ सगळेच्या सगळे वीस हजार. लवकर सौदा होऊन दुसऱ्या घराकडे वळणे त्याच्या फायद्याचे असते. तो अप्रामाणिक असतो असे नव्हे, पण त्याची घाई आणि आपली घाई वेगळी आहे हे लक्षात ठेवावे.

ठरावीक रक्कम आधी घेणाऱ्या ऑनलाइन एजंटांचा पर्यायही आहे. त्यात पैसे वाचतात, पण घर विकले गेले नाही तरी दिलेली रक्कम बहुधा परत मिळत नाही. या पद्धतीचा सर्वांत गाजलेला धंदा म्हणजे पर्पलब्रिक्स. २०१५ मध्ये ही कंपनी लंडनच्या शेअरबाजारात आली आणि २०२३ मध्ये तिचा व्यवसाय एका पौंडाला विकला गेला. स्वस्त ते वाईट असे नाही, पण आधी पैसे भरताना कंपनी टिकेल का हेही पाहावे लागते.

सगळ्यात महत्त्वाचा करारनामा. त्यातल्या तीन शब्दप्रयोगांकडे नीट लक्ष द्या. "सोल एजन्सी" म्हणजे दुसरा एजंट नेमायचा नाही, पण स्वतः गिऱ्हाईक शोधले तर सहसा दलाली लागत नाही. "सोल सेलिंग राइट्स" म्हणजे त्या मुदतीत घर कुणालाही विकले तरी दलाली द्यायची. आपल्याकडे घर बऱ्याचदा मंडळातल्याच ओळखीच्या कुटुंबाला जाते, तेव्हा हा फरक हजारो पौंडांचा ठरतो. तिसरा शब्दप्रयोग "रेडी, विलिंग अँड एबल पर्चेसर". हे कलम असेल तर आपण विक्रीचा विचार बदलला तरी दलाली द्यावी लागू शकते. ते काढून टाकायला सांगा. मुदत किती आठवड्यांची आहे आणि नोटीस किती, हे पाहा. एजंट बदलताना, आधीच्याने कोणाकोणाला घर दाखवले याची यादी लेखी घ्या, नाहीतर एकाच विक्रीवर दोन दलाल्या मागितल्या जाऊ शकतात. करार एजंटाने आपल्या घरी बसून करून घेतला असेल तर २०१३ च्या नियमांप्रमाणे साधारणपणे चौदा दिवसांत तो रद्द करता येतो.

घेणाऱ्यांसाठी

आपल्याकडे बयाणा दिला, साठेखत झाले की माणूस निश्चिंत होतो. इथे ऑफर स्वीकारली गेली याचा कायद्याच्या दृष्टीने काही अर्थ नाही. करारांची देवाणघेवाण होईपर्यंत दोघांपैकी कुणीही मागे फिरू शकतो. म्हणून ऑफर स्वीकारताना "आता घर बाजारातून काढा आणि नवी गिऱ्हाइके आणू नका" असे एजंटाला लेखी कळवा आणि त्याचे उत्तर घ्या. हे बंधनकारक नाही, पण नंतरच्या बोलण्याला आधार राहतो. सॉलिसिटर आणि सर्व्हेयर शक्यतो स्वतः शोधा. एजंट सुचवतो त्यांच्याकडून त्याला मोबदला मिळत असू शकतो. मिळतो का आणि किती, हे विचारायला लाजू नका.

कॅमडेनमध्ये आपल्या बजेटात येतो तो बहुतेक वेळा लीजहोल्ड फ्लॅट. लीजची किती वर्षे उरली, सर्व्हिस चार्ज किती, मोठ्या दुरुस्त्या ठरल्या आहेत का, हे पहिल्याच फोनवर विचारा. ऐंशी वर्षांच्या खाली लीज आली की ती वाढवण्याचा खर्च आतापर्यंत चांगलाच वाढत आला आहे. हे बदलण्याची तरतूद २०२४ च्या लीजहोल्ड कायद्यात आहे, पण तो टप्प्याटप्प्याने लागू होतो. आपण घर घेताना काय लागू आहे ते सॉलिसिटरकडून पक्के करून घ्या. घर घेतल्यावर लीज वाढवण्यासाठी दोन वर्षे थांबण्याची अट मात्र ३१ जानेवारी २०२५ पासून गेली आहे.

उंच इमारत असेल तर आगीच्या सुरक्षिततेचे कागद मागा. ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर, २३ जून २०१७ च्या संध्याकाळी कॅमडेन काउन्सिलने किंग हेन्रीज रोडजवळच्याच चॅल्कॉट्स वसाहतीतल्या चार टॉवरमधल्या रहिवाशांना घराबाहेर काढले होते. हजारो लोकांना एका रात्रीत दुसरीकडे जावे लागले. फ्लॅटचे फोटो कितीही सुंदर असले तरी भिंतीच्या बाहेर काय लावले आहे ते त्यात दिसत नाही.

ठाण्याचा फ्लॅट आणि लंडनची स्टॅम्प ड्युटी

आता एक गोष्ट, जी एजंट सहसा विचारत नाही आणि आपण सांगत नाही. समजा एका जोडप्याने कॅमडेनमध्ये ४,८०,००० पौंडांचा फ्लॅट ठरवला. इंग्लंडमधले पहिलेच घर, म्हणून एजंटाने "तुम्ही फर्स्ट टाइम बायर" असे गृहीत धरून स्टॅम्प ड्युटी ९,००० पौंड सांगितली. १ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी हा हिशेब बरोबर आहे. पण जोडप्यातल्या एकाच्या नावावर ठाण्यात फ्लॅट आहे. पहिल्या घराची सवलत मिळायला जगात कुठेही, कधीही घर नावावर झालेले नसावे लागते, वारसाने आलेलेसुद्धा. सवलत गेली, ड्युटी १४,००० झाली. शिवाय ठाण्याचा फ्लॅट अजून नावावर असेल आणि त्याची किंमत ४०,००० पौंड किंवा अधिक असेल, तर दुसऱ्या घराचा अधिभार लागतो. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून तो पूर्ण किमतीच्या पाच टक्के आहे, म्हणजे आणखी २४,०००. नऊ हजारांचे अडतीस हजार झाले. नवराबायकोपैकी एकाचे घर असले तरी अधिभारासाठी दोघांचे धरले जाते. आजोबांच्या वाड्यातला लहानसा हिस्सा असेल तर नियम थोडे वेगळे आहेत. तेव्हा भारतातली प्रत्येक मालमत्ता सॉलिसिटरला पहिल्याच भेटीत सांगा.

भारतातून पैसे आणणार असाल तर तेही आधी सांगा. पैसा कुठून आला हे एजंट आणि सॉलिसिटर दोघेही विचारतात. विक्रीचे खरेदीखत, बँकेचे उतारे, वडिलांनी दिले असतील तर त्यांचे पत्र, हे हाताशी ठेवा. एन.आर.ओ. खात्यातून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम नेता येते, पण कर आणि दाखल्यांना वेळ लागतो. त्या वेळेत घर हातचे जाऊ शकते.

आपला माणूस

शेवटी थोडे नाजूक. "एजंट आपल्याकडचा आहे" यावर आपण पटकन विश्वास टाकतो. मराठीत बोलणारा एजंट भेटला तर आनंद आहे, आणि त्यात काही गैर नाही. पण तो विकणाऱ्याचा एजंट असेल तर मराठीतही तो विकणाऱ्याचाच आहे. त्यालाही तेच प्रश्न विचारायचे, त्याच्याकडूनही तेच लिहून घ्यायचे. त्या घरात एजंटाचे स्वतःचे किंवा नातेवाइकांचे हितसंबंध असतील तर ते उघड करणे १९७९ च्या कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे. हे विचारल्याने चांगल्या माणसाला राग येत नाही.

आणि पुढच्या वेळी कुणी "चांगला एजंट माहीत आहे का" असे विचारले, तर नाव सांगण्याआधी "विकताय की घेताय?" एवढे नक्की विचारा. विकणाऱ्याला एजंटाचे नाव द्या. घेणाऱ्याला आपल्या सॉलिसिटरचे आणि सर्व्हेयरचे नाव द्या, कारण त्याला आपल्या बाजूची माणसे तीच. हा लेख कायदेशीर सल्ला नाही. सही करण्याआधी आपल्या सॉलिसिटरला अवश्य विचारावे.